दोन तोंडांचा खोपा

सकाळी नवाच्या सुमाराला पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि माझा पाय मशीनवरच थांबला. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेत, लग्नसराईला अजून वेळ आहे. आमच्या टोलीवर, म्हणजे शेतांमधल्या वस्तीवर, या दिवसांत असा आवाज आला की त्याचा अर्थ एकच. धान कापायला निघालेल्या बायका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायच्या आधी कुणीतरी वात पेटवली आहे. आवाज व्हावा, आणि उभ्या धानात जो कोणी दडून बसला असेल त्यानं उठून निघून जावं, एवढीच त्यामागची विनंती.

मी ब्लाउजची बाही सुईखाली तशीच सोडली आणि खिडकीजवळच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. लाखोरी आपल्या कापडी खोप्याबाहेरच बसली होती, काकडीची साल कुरतडत. लाखोरी म्हणजे आमची गिनीपिग, लाखोरी नावाच्या कडधान्याच्या दाण्यासारखीच करड्या ठिपक्यांची. सात वर्षांची म्हातारी झाली आहे आता. तिचे कान गेलेत असं आम्हाला वाटतं. बॉम्ब फुटल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. घरात दचकणारी आता मी एकटीच उरले आहे.

मी मुळातच भित्री. माहेरी मला सगळे भित्री भागूबाई म्हणायचे आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. साप, वीज, डॉक्टरच्या खोलीबाहेरचा बाक, फोन उचलल्यावर पलीकडचं माणूस लगेच बोललं नाही तर ती मधली शांतता, मला सगळ्याचीच भीती वाटते. भीती दाटली की मी मशीनवर बसते. हाताखालून कापड सरकत राहिलं की जरा बरं वाटतं. सानगडीच्या बाजारात जाणाऱ्या निम्म्या बायकांचे ब्लाउज मी शिवलेत, आणि त्यातले किती माझ्या भीतीनं वेळेच्या आधी शिवून झाले हे त्यांना ठाऊक नाही.

आज शनिवार. समूची सकाळची शाळा. माझी मुलगी दहावीला आहे, टोलीवरून सानगडीपर्यंत सायकलनं जाते. रस्ता बोडीच्या पाळीवरून आहे. बोडी म्हणजे आमचं लहानसं तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. पाळीच्या एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला माणूसभर उंच गवत. तिथून ती साडेसहाला गेली तेव्हा बॉम्ब फुटला नव्हता.

आणि मग नेहमीप्रमाणे तो हंगाम आठवला. चार वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी धान चांगलं पिकलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांना फक्त वाघच आठवतो. बांध्यांमधून चालताना पिकल्या लोंब्यांचा तो कोरडा, किंचित गोडसर वास यायचा. पहाटे दव इतकं पडायचं की कापून पसरलेल्या कडपा दुपारपर्यंत वाळायच्या नाहीत. सगळं तयार होतं आणि बांधीत उतरायला कुणी तयार नव्हतं. पाळीवर पंजाचे ठसे सापडले होते. चार दिवसांनी टोलीतली एक कालवड गेली, भर दुपारी.

वाघ हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. सगळे 'तो' म्हणत, बायका तर भीतीनं मान देऊन 'ते'. आमच्याकडे बायका नवऱ्याचंही नाव घेत नाहीत, 'ते' म्हणतात. त्यामुळे विहिरीवर फार गोंधळ व्हायचा. एकीनं विचारावं, "आले का वं?" आणि दुसरीनं घाबरून घागर खाली ठेवावी. एकदा सगळ्या खळखळून हसलो होतो. हसता हसता एकेकीनं मागे वळून पाहिलं, आणि मग कुणी हसलं नाही.

बांधीत धान गळायला लागलं तेव्हा लोकांनी उपाय काढला. वीस-वीस जणांनी मिळून एकेकाची बांधी कापायची. आधी बॉम्ब फोडायचे, मग डबे वाजवायचे, मग विळे काढायचे. कापतानाही एकीनं उभं राहून डबा वाजवत राहायचं. सकाळभर टोलीच्या चारी बाजूंनी धडाम् धडाम् चालायचं. माणसांची भीती त्या आवाजानं कमी होत होती. आमच्या घरात मात्र तीच भीती पिंजऱ्यात जाऊन बसत होती.

पिंजऱ्यातल्या दोघींची हकीकत आधीच सांगायला हवी होती. समू तिसरीत असताना माझ्या भावानं नागपुरातून दोन गिनीपिग आणून दिल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, बिस्किटं आणावीत तशा. एक मोहाच्या फुलांच्या रंगाची, ती मोहा. दुसरी लाखोरी. टोलीवरची माणसं पाहायला आली आणि बघता बघता त्यांचं नाव पडलं, विलायती उंदीर. मोहा धीट होती. समूच्या बाबांच्या सायकलची घंटी ऐकली की शिट्ट्या मारायला लागायची, कारण कॅरिअरवर बांधावरचं गवत असायचं. लाखोरी मात्र माझ्यावर गेलेली. झाकण पडलं, कुकर वाजला, कुणी शिंकलं, की ती जागच्या जागी गोठायची आणि मग जिथे अंधार दिसेल तिथे घुसायची.

समूनं फोनवर पाहून सांगितलं की यांना लपायला जागा लागते. मला फार आनंद झाला. भिणाऱ्या जिवासाठी काहीतरी शिवायचं, यापेक्षा माझ्या जोगतं काम कुठलं?

पहिला खोपा मी टर्किश टॉवेलचा शिवला. मऊ म्हणून. दुसऱ्याच दिवशी मोहाचं नख टॉवेलच्या फाशांत अडकलं, ती ओढत राहिली आणि बोटातून रक्त आलं. तो खोपा गेला चुलीत. मग समूच्या बाबांच्या जुन्या जीन्सचा पाय कापून बोगदा केला. माझ्या ओढणीची झोळी केली आणि चार कोपऱ्यांवर टिचबटणं लावून पिंजऱ्याच्या जाळीला टांगली. मोहा त्यात पाय पसरून पडायची. जुन्या स्वेटरच्या बाहीचं अंथरूण. हे प्राणी सुटलेला दोरा खातात आणि तो पोटात अडकतो, म्हणून प्रत्येक कड आत दुमडून दोनदा टीप घालायची हे मी शिकले. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजला मी कधी इतकी टीप घातली नसेल.

समूचे बाबा दारात उभे राहून म्हणाले होते, "अवं, उंदराले झोळी अन् गादी? मले तं बारा वरसात एक उशी शिवून देल्ली नाईस."

"तुम्ही भेत नाई ना," मी म्हटलं.

"मी नाई भेत? तू ह्या घरात आली तवापासून भेऊनच आहो."

असं चाललं होतं आमचं, तो हंगाम येईपर्यंत.

बॉम्ब सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी मी पिंजरा खिडकीपासून उचलून मधल्या खोलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यावर चादर टाकली. तिसऱ्या दिवशी समूची शाळा बंद केली. तिला ताप आहे असं बाईंना कळवलं. ताप मलाच आला असता तर चाललं असतं, पण नव्हता. वाडीत उघडणारं मागचं दार मी बंद केलं, कडी घातली, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून समूच्या बाबांकडून आडवी फळी ठोकून घेतली. वाडी म्हणजे घरामागचा आमचा परस. तिथे तुरीच्या रांगा होत्या, वालाचा मांडव होता आणि त्यापलीकडे सरळ बांध्या. तुरीत सावली हलली तरी मला त्यात पट्टे दिसायचे. समू सहावीत होती, अकरा वर्षांची, दिवसभर घरात. ती माझ्या मशीनखाली पायांशी बसून चित्रं काढायची. मला वाटायचं, बरं आहे, डोळ्यांसमोर आहे.

आणि मी लाखोरीसाठी नवा खोपा शिवायला घेतला. आतापर्यंतचे सगळे खोपे तिच्या भीतीला पुरत नव्हते. प्रत्येक आवाजाला ती एका बाजूनं शिरायची आणि दुसऱ्या बाजूनं निघायची, बोगद्यातून झोळीखाली, तिथून पुन्हा बोगद्यात. मला वाटलं, हिला खरी जागाच मिळत नाही. मी जुन्या गोधडीचे तीन थर घेतले, आत शालीचं अस्तर लावलं, वर जाड पडद्याचं कापड. आवाज आत जाऊच नये असा. जीन्सचा बोगदा काढून टाकला, झोळी काढली. नव्या खोप्याला एकच तोंड ठेवलं, तेही लहान. मी आयुष्यभर थैल्या, पिशव्या, उशांच्या खोळी शिवत आले. शिवलेल्या वस्तूला तोंड एकच असतं हे माझ्या हातांना पाठ होतं.

लाखोरी आत गेली. दुसऱ्या सकाळी बॉम्ब फुटले आणि ती पळाली नाही, धडपडली नाही, काहीच नाही. मी समूला म्हटलं, "पाहिलं? शांत झाली."

मला त्या वाक्याची अजून लाज वाटते.

मोहाला तो खोपा आवडला नाही, पण त्याच्या तोंडाशी मऊ झालर होती. ती तिथेच आडवी पडू लागली, दिवसाचा बराच वेळ. लाखोरी मोहाच्या अंगावरून कधी जायची नाही. हे आम्हाला माहीत होतं आणि तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी समूनं पिंजरा झाडताना लेंड्या पाहिल्या.

"आई, ह्या फक्त मोहाच्या आहेत."

"कशावरून?"

"मोहाच्या मोठ्या रायतेत. लाखोरीच्या नाईतच." तिचा आवाज चिरकला. "आई, तिनं खाल्लंच नाई."

आम्ही खोप्यात हात घातला. लाखोरी अगदी तळाशी, मागच्या शिवणीला नाक लावून बसली होती. बाहेर काढली तर हातात वजनच नव्हतं. कोथिंबीर पुढे धरली, तिनं वास घेतला नाही. खाली ठेवताच ती पुन्हा आत, पुन्हा त्याच शिवणीपाशी. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. भला माणूस. म्हणाले, मी गाई-म्हशी पाहतो, पण एवढं सांगतो, या जनावराचं पोट रिकामं राहिलं तर ते फार वेळ टिकत नाही, आज संध्याकाळपर्यंत काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. समूनं ते ऐकलं. ती रडली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि त्या नजरेची मला वाघापेक्षा जास्त भीती वाटली. खोपा मी शिवला होता.

त्याच सकाळी भागरताबाई आली. साठीची, कापणीत सगळ्यांच्या पुढे असणारी बाई. विळ्यानं बाही फाटली म्हणून दोन टाके मारून मागायला आली होती. डोक्याला टॉवेल, कमरेला विळा, दुसऱ्या हातात वाजवायचा डबा. तिनं समूचं तोंड पाहिलं, मग पिंजऱ्यात वाकून पाहिलं.

"बाप्पा! हे काय होय वं? थैली शिवलीस का?"

"खोपा आहे. लपाले."

तिनं खोपा बाहेर काढून उलटापालटा केला. आतली लाखोरी घसरून पुन्हा तळाशी गेली. "अन् याचं मांगचं तोंड कोठी आहे?"

"मागचं तोंड नाही. आवाज जाते म्हणून ठेवलं नाही."

भागरताबाई माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी भातात साखर घातली होती. "अवं बाई, बांधावरचा आपला गावठी उंदीर पाह्य. त्याच्या बिळाले दोन-तीन तोंडं रायतेत. आमी बीळ खंदाले जातो, तं पयले काय करतो? मांगचं तोंड शोधून गोट्यानं बुजवतो. मंग समोरून धूर देतो. उंदीर अंदरच बसते. मंग काय, हातच घालाचा." तिनं खोपा खाली ठेवला. "गावठ्याले समजते, अन् ह्या विलायतीले तुनं एकच तोंड देल्लं. तिले वाटू राहिलं, का आपलं बीळ कोनी बुजवलं."

"पण आवाजाले भेते ना ती, मावशी. जाड कापड..."

"भेलेल्या जिवाले कापड काय करन? मी बांधीत उतरतो ना, तवा पयले पाह्यतो का पराची वाट कोठी आहे. मंग विळा काढतो. वाट दिसली का हात चालते."

पराची वाट. पळायची वाट. बाहेर तिच्या साथिणी हाका मारत होत्या. ती तशीच फाटक्या बाहीनं गेली.

मी ब्लेड घेतलं. मागच्या शिवणीला दोनदा टीप होती, माझीच, बारीक आणि घट्ट. एकेक टाका अगदी जपून उसवला, कारण त्या कापडाच्या पलीकडेच तिचं नाक होतं. समूनं खोपा दोन्ही हातांनी धरला होता. तीन बोटं रुंद फट झाली तेव्हा मी कडा दुमडून घाईघाईत तुरपाई केली, आणि आम्ही खोपा पिंजऱ्यात ठेवून मागच्या फटीसमोर ओल्या हरळीची एक जुडी ठेवली. मग दोघी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. 

बांधीत बॉम्ब फुटला. आम्ही दोघी दचकलो. खोपा हलला. मागच्या फटीतून मिशा आल्या, मग नाक. ती तशीच थांबली, आत जायचं की बाहेर यायचं हे दोन्ही तिच्या हातात होतं. बराच वेळ गेला. मग तिनं हरळीची एक काडी ओढली, आणि ती काडी हळूहळू तिच्या तोंडात जाताना आम्हाला दिसली. तो कुरकुर आवाज मी कधी विसरणार नाही. समू माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

रडणं ओसरल्यावर तिनं डोकं न उचलता विचारलं, "आई, आपलं मांगचं दार कधी उघडशीन?"

खोटं कशाला सांगू? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गोधडीचं कापड माझ्या हातात होतं म्हणून ते मी उसवू शकले. दार पुढचे आठ दिवस तसंच राहिलं, पार सगळं धान बांधीतून उचलून त्याचे पुंजणे, म्हणजे गंज्या, रचून होईपर्यंत. मग एका सकाळी मी स्वतःच हातोडीच्या मागच्या टोकानं फळी काढली. खिळे वाकडे होऊन निघाले. त्यांची भोकं दाराच्या चौकटीत अजून आहेत. तो कुणाला न दिसता निघून गेला होता म्हणे. समू शाळेत गेली. त्या दिवशी मी सात ब्लाउज बेतले आणि एकही धड बेतला नाही.

नंतर मी अनेक खोपे शिवले, सगळे दोन तोंडांचे. आमच्यात दुतोंडी म्हटलं की माणसाबद्दल फारसं चांगलं बोललेलं नसतं. पण कापडाच्या बाबतीत मी तो शब्द कौतुकानं वापरते. मोहा गेल्या उन्हाळ्यात गेली. ओल्या कौलावर झोपवली तरी तिला ऊन सोसलं नाही. भित्री लाखोरी राहिली. धीट माणसांना हे वाचून काय वाटायचं ते वाटो.

तर आज. नवाला पहिला बॉम्ब, मग लागोपाठ चार. दहाच्या सुमाराला टोलीच्या ग्रुपवर फोटो आला. पाळीवरच्या चिखलात पंजा, शेजारी मापाला ठेवलेली काडेपेटी. खाली लिहिलं होतं, पाळीचा रस्ता बंद केला आहे, कुणी येऊ नये. मी समूच्या बाबांना फोन लावला, ते तुमसरला गेलेले, लागला नाही. समू फोन नेत नाही. शाळा अकराला सुटते.

मी पुढचं दार उघडून रस्त्याकडे पाहत उभी राहिले. मग दार लावलं. मग पुन्हा उघडलं. तेवढ्यात वाडीत काहीतरी सळसळलं आणि माझे पाय मला न विचारता मागच्या दाराकडे गेले. हात कडीवर होता. कडी अर्धी सरकवलेलीही होती. चौकटीतल्या खिळ्यांच्या भोकांवर बोट पडलं. एवढ्यानं मला शहाणपण आलं असं नाही. भीती होती तेवढीच होती. पण मी कडी मागे घेतली, दार नुसतं लोटलं, आणि मशीनवर येऊन बसले, पुढच्या दाराकडे तोंड करून. बाही शिवायला घेतली. सव्वाअकरा झाले. साडेअकरा. रस्त्यावर सायकल नाही. बाही उलटी लागली, उसवली, पुन्हा उलटी लागली.

"आई."

मी किंचाळले. खरंच किंचाळले. आवाज मागून आला होता.

समू मधल्या खोलीत उभी होती, घोट्यापर्यंत चिखल, सलवारीला धानाची कुसळं, हातात चपला. तिच्यामागे वाडीच्या दारात भागरताबाई, डोक्याला तोच टॉवेल, हातात डबा.

"पाळ बंद केली ना," समू म्हणाली. "सायकल शाळेतच ठेवली. मावशी अन् सगळ्या बायांनी आमाले कापलेल्या बांध्यातून आणलं. डबा वाजवत." मग माझ्याकडे पाहून, "तू कायले भेली एवढी?"

"बाई, पानी दे," भागरताबाई म्हणाली. "तुया पोरीनं सांगतलं, समोरून नोको जाऊ, आमचं मांगचं दार उघडं रायते."

 मी पाणी दिलं. तांब्या तोंडाला लावतानाही ती मागे वळून बांधीकडे पाहत होती; तिला असं मागे पाहताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पाणी पिऊन ती लगेच निघाली, बांधी अर्धी राहिली होती. समू पिंजऱ्यापुढे बसून लाखोरीला हरळी देऊ लागली, येताना मुठीत आणलेली.

मी मागच्या दारापाशी गेले. तुरीच्या रांगा, वालाचा मांडव, पलीकडे बांधीत उतरणारा भागरताबाईचा टॉवेल.  मी दार लोटलं, आणि कडी घातली नाही.